न कोसळलेली दरड

कवळ्या बनवण्यात त्याचा हात धरणारा त्या भागात दुसरा कोणी नव्हता. तीन दंतवैद्यांचं काम त्याच्या एका खोलीत यायचं. खोलीभर प्लास्टरची धूळ, वितळलेल्या मेणाचा वास आणि फळीवर ओळीनं मांडलेले परक्या माणसांचे जबडे. चौपन्नावं लागलं, टक्कल पडलं, तरी घरात तो बारक्याच होता. घर म्हणजे ताई आणि दाजी. आईवडील गेले तेव्हा तो अकरा वर्षांचा होता आणि ताईच्या लग्नाला जेमतेम चार महिने झाले होते. मेहुण्याला आपल्या दोन खोल्यांत आणून ठेवताना दाजींनी कधी कपाळाला आठी घातली नाही. त्याला वाढवलं, शिकवलं, या धंद्यालाही त्यांनीच लावलं.

दाजी पोस्टमन होते. एकतीस वर्षं त्यांनी पायी टपाल वाटलं. निवृत्त झाले त्या आठवड्यात म्हणाले, "आयुष्यभर लोकांच्या दारापर्यंत चाललो. आता जिथं कुणाचंच दार नाही तिथं चालायचंय. येतोस?"

बारक्या लगेच हो म्हणाला. दीपगृहापासून निघायचं, नऊ दिवस समुद्राच्या कडेनं चालायचं, नदीच्या मुखाशी आत वळायचं आणि पुढचे चौदा दिवस डोंगरातून, दोन खिंडी ओलांडून, पलीकडच्या तळ्याशी उतरायचं. बेत सहा वर्षं चालला. कधी ताईचं ऑपरेशन आडवं आलं, कधी कामाचा ढीग. पण दर रविवारी ताईकडे जेवणं उरकली की नकाशा जमिनीवर पसरला जायचा आणि तो उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर बारक्यानं आणलेले चार जबडे ठेवले जायचे. पाण्याच्या जागा निळ्या पेन्सिलीनं, मुक्काम लाल पेन्सिलीनं. कड्याखाली तीन ठिकाणी वाट ओहोटीतच मोकळी होते, म्हणून दाजींनी भरती-ओहोटीच्या वेळा वहीत सुवाच्य अक्षरात उतरवल्या होत्या. सामानाची वजनं बारक्याच्या कामाच्या काट्यावर व्हायची. दाजींनी ब्रशचा दांडा कापून अकरा ग्रॅम वाचवले आणि दिवसभर त्याच आनंदात राहिले.

"तोंडात स्वतःचा एक दात नाही, आणि ब्रशचं कौतुक," ताई म्हणाली.

"कवळी काय अंगठ्यानं घासू?" दाजी म्हणाले.

मग गेल्या वर्षी दाजींच्या छातीत दुखलं. डॉक्टरांनी रक्तवाहिनीत स्प्रिंग बसवली. सपाटीवर चाला, चढाचं सहा महिन्यांनी बघू, म्हणाले. सहा महिने झाल्यावर दोघं गावामागच्या टेकडीवर सरावाला गेले. तासाभराचा चढ, पण दाजी नऊ वेळा बसले. दर वेळी घाम पुसत म्हणायचे, "झालं, झालं. निघू."

बारक्याला त्यांची काळजी वाटायला हवी होती. त्याला वैताग आला. पाचव्या वेळी तर तो मुद्दाम पुढच्या वळणापर्यंत जाऊन उभा राहिला, त्यांचं धापा टाकणं ऐकू येऊ नये म्हणून. आपले गुडघे तरी किती वर्षं टिकणार, हा एकच विचार त्याच्या डोक्यात घोळत होता.

त्या आठवड्यात त्यानं डोंगरातल्या निवाऱ्यांत एकट्यापुरती जागा राखून ठेवली. रविवारी दाजींना सांगितलं, "दुसऱ्या खिंडीखाली दरड कोसळलीय. यंदा वाट बंद आहे." आणि नव्या यंत्राचं शिक्षण घ्यायला आपण पुढच्या महिन्यात तीन-साडेतीन आठवडे बाहेरगावी जाणार, हेही त्याच दमात सांगून टाकलं.

दाजींनी नकाशावर त्या जागी बोट ठेवलं. "अरेरे," म्हणाले. "पण एका परीनं बरंच झालं. पुढच्या वर्षीपर्यंत माझाही दम वाढेल."

दुसऱ्या दिवसापासून ते इमारतीचे चार मजले चढू-उतरू लागले. ताई फोनवर सांगायची, "सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा. वहीत लिहून ठेवतात. बारक्याला दाखवायचंय, म्हणतात."

बारक्यानं रविवारी जाणं बंद केलं. कामाचं निमित्त होतंच. पण कामातही लक्ष लागेना. एका बाईंसाठी निवडलेले दात त्यानं एका म्हाताऱ्याच्या साच्यावर चढवले. असं कधीच झालं नव्हतं. काळजीपोटीच खोटं बोललो, असं तो स्वतःला समजावायचा, आणि लगेच ते टेकडीवरचं वळण डोळ्यांपुढे यायचं.

निघायला आठ दिवस उरले असताना, दुपारी, दाजी त्याच्या खोलीवर आले. खालची कवळी टोचत होती. बारक्यानं ती काढून घेतली, टोचण्याच्या जागी खूण केली आणि घासायचं चाक सुरू केलं. दाजी स्टुलावर बसून फळीवरचे जबडे बघत राहिले.

"त्या निवारेवाल्याला फोन केला होता मी," ते म्हणाले. खालचे दात नसल्यानं शब्द ओले, बोबडे येत होते. "दरड कधी हटवणार, म्हणून विचारलं. तो म्हणाला, कसली दरड? वाट चालू आहे. तुमच्याच शहरातले एकजण येतायत. कवळ्या करतात म्हणे."

बारक्यानं चाक बंद केलं. "कधी केला होता फोन?"

"झाले तीन आठवडे."

"मग बोलला का नाहीत?"

"तू सांगशील म्हणून थांबलो."

बारक्याला मान वर करता येईना. दाजींची कवळी त्याच्या हातात होती.

"माझ्यासाठी खोटं बोललास, की तुझ्यासाठी?" दाजींनी विचारलं.

"माझ्यासाठी."

"हं. दे ती इकडे. बोळक्या तोंडानं रागावता येत नाही माणसाला." त्यांनी कवळी बसवली, दोनदा चावून पाहिलं. "अजून टोचतंय."

बारक्यानं पुन्हा घासली. मग म्हणाला, जाणं रद्द करतो. दाजी म्हणाले, रद्द करून माझ्या डोक्यावर आणखी ओझं ठेवू नकोस. निदान समुद्राकाठचे दिवस तरी बरोबर चला, असं तो अजिजीनं म्हणाला, तर त्यावर नुसती नकारार्थी मान हलवून ते जिना उतरून गेले.

ठरल्या दिवशी मात्र ते पाठीला पिशवी लावून दीपगृहाशी हजर होते. तीन दिवस दोघं बरोबर चालले, दाजींच्या चालीनं. ओहोटीच्या वेळा बिनचूक निघाल्या. बोलणं बेताचंच झालं. चौथ्या सकाळी रस्ता लागला तिथं ताई बसनं आली होती. दाजींनी वही बारक्याच्या हातात दिली आणि मागं न बघता बसमध्ये चढले.

बारक्या वीस दिवस एकटा चालला आणि तळ्याशी पोहोचला. परतल्यावर तडक ताईकडे गेला. दाजींनी नकाशा पसरायला लावला आणि त्यानं मुक्कामामागून मुक्काम सगळं सांगितलं. दोन ठिकाणी पाणी आटलेलं होतं. दाजींनी ते खोडलं. तिसऱ्या कड्याखाली तो घोटाभर पाण्यातून गेला, हेही सांगितलं. आता काहीही लपवायचं नाही, असं त्यानं वाटेतच ठरवलं होतं. म्हणून शेवटी हेही सांगितलं, की दुसऱ्या खिंडीवर तासभर बसलो, इतकं सुख आयुष्यात कधी वाटलं नव्हतं, आणि त्या तासात तुमची एकदाही आठवण झाली नाही.

दाजी पेन्सिलीचं टोक बघत राहिले. स्वयंपाकघरात ताईचा भांड्यांचा आवाज थांबला.

"हे नसतं सांगितलंस तरी चाललं असतं रे," ते म्हणाले.

मग त्यांनी विचारलं की तळ्यापासून परतीची बस किती वाजता मिळते, आणि उत्तर वहीत लिहून घेतलं.