चेष्टा म्हणजे काय

माझी मुलगी सहावीत आहे. शाळा सुरू झाल्यापासून दर शनिवारी मी तिच्या वर्गशिक्षिकेला फोन करायचो. वह्या तपासायचो, चाचणीचे मार्क कॅलेंडरवर लिहून ठेवायचो. मी दहावीत नापास झालो तेव्हा मी कितवीत आहे हेही माझ्या वडिलांना ठाऊक नव्हतं. आमच्या विणकरांच्या शहापुरात माग बंद पडला तरच घरातल्यांचं मुलांकडे लक्ष जायचं. मला तसा बाप व्हायचं नव्हतं.

बाई धारवाडकडच्या. त्यांना मराठी जेमतेम येतं आणि माझं कानडी बाजारापुरतं: सूत आलं का, रंग कुठला, उद्या या. एका शनिवारी त्या म्हणाल्या, "भाळ चेष्टा माडताळ री." खूप चेष्टा करते. सांगताना त्या हसल्या. मला वाटलं, मला वाईट वाटू नये म्हणून हसल्या.

मी मुलीला समोर उभं केलं.

"बाईंची चेष्टा करतीस वर्गात?"

"न्हाय केली, पप्पा."

"मग बाई खोटं बोलत्यात व्हय?"

मी तेवढ्यावर थांबलो नाही. बाईंना सांगून तिला मैत्रिणीजवळून उठवलं, पहिल्या बाकावर बसवलं. रोज शाळेतून आली की उलटतपासणी. हळूहळू ती घरातही विचारल्याशिवाय बोलेना. खरं सांगतो, मला ते बरं वाटलं. पोरगी सुधारली, असं मी बायकोला म्हणालोही.

दिवाळीआधी पालकसभा झाली. आम्ही दोघं गेलो. बाईंनी गुणपत्रक बाजूला सरकवलं. "घरात काय झालं? पहिला लई बोलत होती, सगळ्यांना हसवत होती. आता गप्प."

मी म्हणालो, "तुम्हीच तक्रार केली होती. चेष्टा करते म्हणून."

बाई बायकोकडे वळल्या. बायकोचं माहेर कानडी मुलखातलं, बैलहोंगलकडचं, तिला सगळं कळलं.

"अहो, त्यांच्यात चेष्टा म्हणजे खोड्या. कौतुकानं सांगितलंय त्यांनी. मागाच्या खडखडाटात कान गेलेत तुमचे. मला तरी विचारायचं."

मान वर करवेना. पण त्या शरमेतही एक गोष्ट मनाला हलकं करून गेली: पोरगी खरं बोलली होती.

घरी येऊन तिला सांगितलं. "बाईंची तक्रार नव्हतीच गं. मला शब्द कळला न्हाय. चुकलं माझं."

"मी सांगितलं होतं की."

"व्हय. मीच ऐकलं न्हाय."

तिने मान हलवली आणि वही उघडली. मी बाईंना विनंती करून तिची जुनी जागा परत मिळवून दिली. शनिवारचे फोन बंद केले. तरी ती बोलेना. आपण कायमचं काहीतरी मोडून ठेवलं, या धास्तीने माझं कामात लक्ष लागत नव्हतं.

परवा सकाळी कारखान्यात जायला निघालो, तर माझी एक चप्पल सापडेना. पलंगाखाली, माळ्यावर, न्हाणीत सगळीकडे शोधली. पोरगी केव्हाच शाळेला गेली होती. बायकोने पदर तोंडावर धरला. "दप्तरात घालून नेलीय तिनं. जाताना मला म्हणाली, पप्पांना सांगू नको."

बायकोच्या हिरव्या पट्ट्यांच्या चपला घालून मी शहापूरच्या गल्लीतून चालत गेलो. कारखान्यातले सगळे हसले. मी त्यांना कारणही सांगितलं.