ताईचा दुसरा पंप

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णव साल असेल. पंचवटीत माझं मेडिकलचं दुकान होतं. डी. फार्म. झालेला घरातला मी पहिलाच — सगळे मला अर्धा डॉक्टर समजायचे. कुसुमताई, माझी थोरली बहीण, मखमलाबादला दिलेली. गुलाबाचा मळा होता त्यांचा. तिला दमा जडला. डॉक्टरांनी दोन पंप लिहून दिले. एक दम लागला की घ्यायचा. दुसरा रोज, आतली सूज उतरवणारा.

दुसरा माझ्याकडे नव्हता. मागवायला विसरलो होतो — एवढंच. तसं सांगायला काय झालं होतं? पण ताई इतक्या कौतुकानं बघत होती... म्हणालो, "त्याची गरज नाही गं. पहिलाच पुरे."

तिनं ऐकलं. माझंच ऐकायची ती. आधी दिवसातून दोनदा पंप मारायची, मग सहादा, मग मोजणंच सुटलं. आणि देत मीच होतो. मला कळत नव्हतं का? तेच औषध सारखं मिळत राहिलं की श्वासनळीतल्या पेशी त्याला दाद देईनाशा होतात. औषध पेशींवरच्या ज्या जागांवर, म्हणजे रिसेप्टरवर बसतं, त्या जागाच कमी होत जातात — परीक्षेत हे उत्तर लिहून पास झालो होतो मी.

एका दुपारी ती दुकानाच्या पायरीवर बसली. "संजू, ह्यो पंप आता लागतच नाय रे. दगा देतो."

तेव्हा तरी बोलायचं! मी म्हणालो, "माल खराब आला असेल," आणि दुसऱ्या कंपनीचा तसलाच पंप तिच्या हातात ठेवला.

पंधरा दिवसांत तिला दवाखान्यात ऑक्सिजन लावावा लागला. ती बोलायला लागल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "दुसरा पंप बंद कुणी केला?" खाटेशी दाजी होते, मी होतो. ताईनं माझ्याकडे पाहिलं. थांबली — मी बोलेन म्हणून. मी सलाईनच्या बाटलीकडे बघत राहिलो.

"मीच इसरले," ती म्हणाली.

दाजी सगळ्यांदेखत तिला बोलले, "लेकरांचा तरी इचार करायचा व्हता!" तिनं मान खाली घातली. मी तिथंच उभा होतो.

ताई वाचली. भाऊबीजेला ओवाळायची, जेवू घालायची. कधी शब्दानं टोचलं नाही. पण फुलं घेऊन बाजारात आली की माझ्या दुकानावरून सरळ पुढे जायची, मध्येच दम खायला थांबायची, आणि चौकातल्या दुसऱ्या मेडिकलमधून पंप घ्यायची. मला काउंटरवरून सगळं दिसायचं.

मी एकदाही हाक मारली नाही.