बाबांच्या मागचा पंखा

माझे बाबा समोरच्याचं ऐकताना अजिबात हलत नाहीत. मान नाही, भुवई नाही. त्यामुळे नाशिकहून त्यांचा व्हिडिओ कॉल आला की बाबा ऐकतायत की नेट गेलंय, हे मला कळत नाही. एकदा शेजारणीशी झालेलं अख्खं भांडण मी थिजलेल्या चित्राला सांगितलं. पुढच्या वेळी शहाणी होऊन "हॅलो, हॅलो" करत सुटले, तर चित्र शांतपणे म्हणालं, "ओरडतेस कशाला? ऐकतोय मी."

आवाज आणि चेहरा म्हणे बारीक बारीक पुडक्यांतून येतात, आणि काही पुडकी वाटेतच गळतात. मग फोन शेवटचा पोचलेला चेहराच धरून बसतो. लांबच्या माणसांचं आपणही तेच करतो. एका दिवाळीला पाहिलेले बाबा मी पुढच्या दिवाळीपर्यंत पुरवते. मधे ते थोडे वाळले, हे पुडकं माझ्यापर्यंत आलेलंच नसतं.

शेवटी मी तोडगा काढला. बोलताना त्यांनी मागचा टेबलफॅन लावायचा. पाती फिरतायत तोवर नेट आहे. "बापापेक्षा पंख्यावर विश्वास," असं पुटपुटत त्यांनी तो लावला.

काल ऐन थंडीत कॉल आला. अंगात स्वेटर, डोक्यावर कानटोपी, वर मफलर, आणि मागे पंखा गरगरतोय.

"बाबा, बंद करा तो. गारठाल."

"राहू दे," ते म्हणाले. "मी हललो नाही की तुझा चेहरा कसा होतो, ते मला इकडे नीट दिसतं."