खाणीत पुरलेला बनियन

माझ्या साडूंइतका विक्षिप्त माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात सापडायचा नाही. जन्म गेला माती तपासण्याच्या प्रयोगशाळेत; निवृत्त झाल्यावर तरी नौपाड्यातल्या घरी बसून पेपर वाचावा की नाही? नाव नको! शीळफाट्याच्या पुढे एक बंद पडलेली दगडाची खाण आहे. तिथे दरवर्षी कुणीतरी झाडं लावतं, फोटो काढतं, आणि दिवाळीपर्यंत रोपांच्या काड्या होतात. "मेलेल्या मातीत झाडं काय लावता? फोटोच लावा!" असं चारचौघांत सुनावून साडूंनी तिथला एक तुकडा मागून घेतला. तेव्हापासून सोसायटीचा ओला कचरा कुजवून त्याची पोती हा गृहस्थ रिक्षातून तिकडे नेतो. नाक्यावरचे रिक्षावाले ह्यांना बघून तोंड फिरवतात.

माती दिसली की हुंगायची, ही दुसरी खोड. एका मुंजीत यजमानांच्या कुंडीत नाक घालून म्हणाले, "ही आजारी आहे." यजमानीणबाईंना वाटलं, त्यांच्या सुनेबद्दल बोलतायत.

पण कळस म्हणजे बनियन. पावसाआधी खाणीत सुती बनियन पुरायचा आणि दसऱ्याला उकरायचा. मातीत जीव असेल तर ती कापड खाते म्हणे! मागची दोन वर्षं बनियन धडधाकट निघाला. पोरगं दहावीला नापास झाल्यासारखं तोंड करून साडू घरी आले, आणि बनियन धुऊन पुन्हा अंगात घातला. शी!

यंदा साडूंच्या गुडघ्यांनी दगा दिला. डॉक्टरांनी जिना बंद केला, म्हणून उकरायची कामगिरी माझ्यावर आली. निघताना ताई, म्हणजे साडूंची बायको, दाराशी येऊन पुटपुटली, "धड निघाला तर चार भोकं पाडून आणा हो. पुढच्या वर्षी कुठलं जाणं होतंय त्यांचं?" आणि कात्री माझ्या खिशात सरकवली.

खणलं तर काय, हाताला नुसत्या शिवणी आणि लेबल! तशीच मातकट लक्तरं घेऊन नौपाडा गाठला.

साडूंची नजर आधी माझ्या खिशातून डोकावणाऱ्या कात्रीवर गेली. "कात्री लावलीत? मला खुळा समजता?"

"तुमच्या गळ्याशपथ, नाही!"

त्यांनी लक्तरं नाकाशी धरली. बराच वेळ हुंगत राहिले. ताईने पदर तोंडाला लावला.

"जिवंत झाली हो," ते म्हणाले आणि त्याच लक्तराने डोळे पुसले. "आता करंज लावा. पहिला करंज."

मी मान हलवली. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "आणि... फोटो काढून आणा."