माझ्या गाडीतली झडप

शिवलिंगअप्पा गेल्याचा फोन मला मन्मथने केला. अप्पांचा हा धाकटा भाऊ तीन वर्षं त्यांच्याशी एक शब्द बोलला नव्हता, आणि आता तोच सांगत होता, "गुरुजी, दादा गेला. दुपारी माती हाय. या." मी 'येतो' म्हणालो आणि फोन हातात धरून ओट्यावर बसून राहिलो. त्या दोघांच्या अबोल्याचं कारण माझी गाडी होती. तो अबोला मिटवणारी एक गोष्ट अप्पांना आणि मला, दोघांनाच ठाऊक होती. आता ती एकट्या माझ्याकडे उरली होती.

वडवणीत स्टँडमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये अप्पांनी उभी हयात काढली. गाडी बघण्याआधी ते मालकाला झापायचे आणि गिऱ्हाईक मुकाट्यानं ऐकून घ्यायचं, कारण हातात गुण होता. हात डावा. पाना डावीकडून, तारेला पीळ घालायचा तोही उलटा. मन्मथ आणि ते एकाच उस्तादाकडे शिकले. पुढे धाकट्यानं नांदूरघाटला आपलं गॅरेज टाकलं. आमच्या भागातल्या मिस्त्रींची एक जुनी रीत आहे. चैत्र लागला की इंजिनातली थर्मोस्टॅटची झडप काढून टाकायची, म्हणजे पाणी सारखं फिरत राहतं आणि उन्हात गाडी उकळत नाही. दिवाळीला ती परत बसवायची, पण तेवढी आठवण कुणाला राहते? म्हणून उस्तादानं नियम घालून दिला होता, की काढलेली झडप तारेनं डॅशबोर्डखाली बांधून ठेवायची. गाडीची वस्तू गाडीतच राहिली पाहिजे.

माझी बदली नांदूरघाटला झाली तेव्हा माझी जुनी पेट्रोल गाडी अप्पांऐवजी काही वर्षं मन्मथकडे जात होती. निवृत्त होऊन वडवणीला परतलो, तोवर तिच्या तापमानाचा काटा तळाला चिकटलेला असायचा. बीडच्या उन्हातसुद्धा आपली गाडी तापत नाही, याचा मला कोण अभिमान! अप्पांना तो कौतुकानं सांगितला, तर ते माझ्याकडे बघतच राहिले. "ताप न येणं बी आजारच हाय, गुरुजी. पेट्रोल लई पिती का? मागं काळा धूर?" दोन्ही होतं. त्यांनी ऑइलचं झाकण उघडून आतला पांढुरका साका बोटानं काढून दाखवला. इंजिन पुरतं तापतच नाही, मग आतली वाफ उडून कशी जाणार, म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी गार असतानाच ती बघायला ते घरी आले. चालू करायला लावली आणि रेडिएटरकडे जाणारा वरचा पाईप मुठीत धरून उभे राहिले. "ह्यो पाईप आदी गारच ऱ्हायला पायजे. इंजिन तापलं की झडप उघडती, मग एकदम चटका बसतो. हितं बगा, पहिल्यापासनंच कोमट येतंय." गाडी शेडवर नेऊन त्यांनी झडपेचं झाकण खोललं. आत झडप नव्हतीच.

शेडमध्ये चार गिऱ्हाइकं बसली होती. अप्पांनी त्यांच्यासमोर मन्मथला फोन लावला, तोही स्पीकरवर. "गुरुजींच्या गाडीची झडप काढून परत काहून बसवली न्हाईस बे? निस्ता इंजिनाचा सत्यानाश केलास." पलीकडून आवाज आला, "दादा, मी तिला हात बी लावला न्हाई." "मग काय गुरुजींनी काढली?" गिऱ्हाइकं हसली. मीही हसलो... फोन बंद झाला, तो तीन वर्षं. अप्पांनी नवी झडप बसवली, काटा मधोमध आला. डॅशबोर्डखाली एकदा हात घालून बघावं, हे रागाच्या भरात त्यांना सुचलं नाही. मला तर नियमही तेव्हा माहीत नव्हता.

या दिवाळीआधी हॉर्नची वायर बघायला अप्पा डॅशबोर्डखाली वाकले आणि बराच वेळ वर आलेच नाहीत. आले तेव्हा हातात धुळीनं माखलेली जुनी झडप होती, तारेसकट. तारेचा पीळ उलटा होता. माझ्या बदलीच्या आधी कुठल्याशा उन्हाळ्यात त्यांनीच ती काढून बांधली होती आणि विसरून गेले होते. ते गाडीच्या पायरीवर बसले. "मीच हाय, गुरुजी." मग म्हणाले, "तुमी सांगू नका त्याला. नारायणगडच्या जत्रंत गाठ पडंल, मी सोता सांगतो." मी शब्द दिला.

जत्रेला ते गेले नाहीत. त्याच्या आदल्या आठवड्यात त्यांचं अर्धं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. मन्मथ मात्र दवाखान्यात आला. कधी न भांडल्यासारखा उशाशी बसला. अप्पा त्याच्याकडे बघून तोंड हलवत होते, घशातून नुसता घरघर आवाज येत होता, डावा हात हवेत काहीतरी पिळत होता. मन्मथला वाटलं पाणी मागतायत. तो चमच्या-चमच्यानं पाजत राहिला आणि अप्पा मान फिरवत राहिले. मी पायथ्याशी स्टुलावर होतो. शब्द दिला होता ना मी! त्या शब्दाची आज मला किळस येते.

परवा नांदूरघाटला जाऊन मी मन्मथला सगळं सांगितलं आणि गाडीतच राहिलेली ती झडप त्याच्या हातावर ठेवली. तारेच्या उलट्या पिळावरून त्यानं बोट फिरवलं.

"कवा घावली ही?"

"दिवाळीच्या आधी."

"म्हंजी दवाखान्यात तो पाणी मागत न्हवता."

"नाही."

त्यानं झडप फडक्यात गुंडाळून खिशात ठेवली आणि पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. "मला न्हवतं ठावं, गुरुजी. तुमाला तर ठावं हुतं. तुमी तितंच बसला हुता."

मी उठलो. त्यानं मला बसा म्हटलं नाही.