गादीमास्तर आणि तिथली मिश्र भाजी

गादीमास्तर कुठेही गेले की बसण्याआधी खुर्चीची तब्येत बघत. तळहाताने बैठक दाबायची, अंगठ्याने कडेची शिवण चाचपायची, वाकून खुर्चीच्या पोटात डोकावायचं आणि मगच टेकायचं. सासरी पहिल्यांदा गेले तेव्हाही त्यांनी आधी सासऱ्यांची खुर्ची उलटी करून पाहिली आणि मग सासऱ्यांची चौकशी केली, असं त्यांची बायको अजून सांगते. आयुष्यभर खुर्च्यांच्या नि सोफ्यांच्या गाद्या शिवल्या. ओठात बारीक खिळे धरून धरून बोलणं कमी झालं होतं. जेवताना मात्र ओठात खिळे नसत, आणि सगळा घोटाळा तिथेच होता.

घोटाळ्याचं नाव होतं कोपऱ्यावरचं हॉटेल.

हे हॉटेल म्हणजे वस्तीची शान. सुट्टीच्या संध्याकाळी दाराबाहेर रांग लागे, आणि रांगेतली माणसंसुद्धा इस्त्रीच्या कपड्यात उभी असत. तिथल्या खुर्च्यांचं काम मास्तरांकडे होतं. हॉटेल बंद असायच्या वारी ते दाभण, स्पंज आणि रेक्झिनची गुंडाळी घेऊन जात, कारण गिऱ्हाईक बसलेलं असताना त्याच्याखालची गादी काही बदलता येत नाही. त्या दिवशी मालक साफसफाईही उरकून घेई. मास्तर बाहेरच्या हॉलमध्ये खुर्च्यांच्या पोटात डोकं घालून बसत. दुपारी भांडी घासणाऱ्या मावशी त्यांना तिथेच ताट आणून देत: पाव आणि वाफाळती मिश्र भाजी. त्या भाजीने मास्तरांना पार विकत घेतलं होतं.

"तिथली भाजी म्हणजे," ते घरी पहिला घास घेताघेताच सुरू करत, "एका घासात बटाटा, दुसऱ्यात वाटाणा, तिसऱ्यात काय येईल ते त्या भाजीलाही ठाऊक नसतं. आणि लसणाचा काय वास."

"माझ्याही भाजीत लसूण असतो," बायको म्हणे.

"तुझा करपतो. त्यांचा भाजलेला असतो."

बायको दुसऱ्यांदा वाढताना डाव पातेल्याच्या काठावर जरा जोरात आपटे.

एक गोष्ट मास्तरांनी घरी कधी सांगितली नव्हती. बायकोने दिलेला डबा ते हॉटेलात पाऊल टाकल्या टाकल्या मावशींच्या हवाली करत. "तुम्हीच घ्या," म्हणत. संध्याकाळी डबा लख्ख घासून परत मिळे. घरचं देऊन हॉटेलचं खायचं, यासारखा फायद्याचा सौदा नाही, असं त्यांचं मत होतं. घरी विचारलं की "डबा संपला" एवढंच सांगत. त्यात खोटं काही नव्हतं. डबा संपतच होता.

मग लेकीला नोकरी लागली आणि तिने आईबापांना बाहेर जेवायला न्यायचं ठरवलं. कुठे जायचं, हे आईला विचारलं.

"तिथेच," आई म्हणाली. "इतकी वर्षं जिच्याशी हरतेय, ती सवत एकदा डोळ्यांनी बघू तरी दे."

मास्तरांना आनंदच झाला. आता आपल्या जिभेची साक्ष पटणार. ते दाढी करून, नवा सदरा घालून निघाले. रांगेत उभं राहावं लागलं तेव्हा पुढच्या माणसाला त्यांनी सहज सांगितलं, "आतल्या खुर्च्या माझ्या." तो माणूस त्यांना मालक समजला आणि बाजूला सरकला.

आत गेल्यावर मास्तरांनी सवयीने बैठक दाबली, शिवण चाचपली आणि टेबलाखाली गुडूप झाले.

"काही पडलं का साहेब?" वेटरने विचारलं.

"काही नाही," खालून आवाज आला. "ही गेल्या खेपेची. छान बसलीय."

"बाबा, वर या," लेक म्हणाली. "जेवण टेबलावर येतं."

आलं ते बऱ्याच वेळाने आलं. मिश्र भाजीची बशी परातीएवढी, भाजी मात्र बशीच्या मधोमध पाहुण्यासारखी अंग चोरून बसलेली. गाजराची फुलं, त्यांच्या शेजारी चटईसारख्या विणलेल्या घेवड्याच्या शेंगा, आणि बाजूला पांढऱ्या सॉसचं एक गोल तळं. लेकीने मागवलेली कोंबडी चावताना मास्तरांना आपल्या स्पंजची आठवण आली. स्पंज जरा मऊ होता.

त्यांनी भाजीचा घास घेतला. तोंडात काहीच घडलं नाही. जीभ बेसावध असेल म्हणून दुसरा घेतला. लसूण बहुधा अजून बाहेर रांगेतच उभा होता.

बायको मात्र परीक्षेला बसल्यासारखी खात होती. एकेक तुकडा जिभेवर ठेवून, डोळे बारीक करून.

"कशी आहे, आई?"

"थांब. शिकतेय." तिने चमचा खाली ठेवला आणि नवऱ्याकडे वळली. "अहो, हे असं आवडतं होय तुम्हाला? मग आधीच सांगायचं. मीठ नुसतं दाखवायचं, लसूण पांढराच ठेवायचा आणि सगळं निवू द्यायचं. मी आपली उगीच राबत बसले. उद्यापासून अशीच करते."

मास्तरांनी मनातल्या मनात हिशेब केला. उद्यापासून, म्हणजे रोज. रोज, म्हणजे जीव असेपर्यंत.

"आज स्वयंपाकी बदललेला दिसतोय," ते कसेबसे म्हणाले. "मी जरा आत बघून येतो."

आत मावशी कोपरापर्यंत साबणात होत्या.

"मावशी, तुम्ही मला देता ती मिश्र भाजी आज का नाही केली?"

"कुठली? हॉटेल बंद असतं त्या दिवशीची?" मावशी हसायला लागल्या. "अहो मास्तर, त्या दिवशी इथे कोण शिजवतोय? आम्ही सगळे घरून डबे आणतो. एका पातेल्यात ओततो, गरम करतो नि बसतो. तुमचाही त्यातच ओतते ना."

"माझा? तो तुम्ही खात नव्हता?"

"मी एकटी? तुमचा डबा म्हणजे अर्धं पातेलं. तो लाल लसूण असतो ना वहिनींचा, त्यानेच तर चव येते. तुम्ही येत नाही त्या सुट्टीला आमची भाजी नुसती बेचव लागते."

मास्तर सावकाश टेबलाकडे परतले. गप्प राहिलं तर इज्जत वाचत होती आणि भाजी जात होती. बोललं तर भाजी वाचत होती. वाटेत त्यांनी एका रिकाम्या खुर्चीची पाठ उगीचच चाचपली.

"काय म्हणाला स्वयंपाकी?" बायकोने विचारलं.

मास्तरांनी भाजी निवडली. डबा, पातेलं, मावशी, लाल लसूण, सगळं सांगून टाकलं. इतकं सलग ते आयुष्यात बोलले नव्हते.

बायकोने शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे मी पहाटे उठून करायची, तुम्ही ती देऊन टाकायची, मग तीच पोटभर खायची, आणि घरी येऊन मलाच सांगायचं की तुझा लसूण करपतो."

"हं."

"बाबा," लेक म्हणाली, "तुम्ही आईला आईचीच सवत केलंत."

बायकोने तोंडाला रुमाल लावला. मास्तरांना वाटलं, रडतेय. पण तिचे खांदे गदगदत होते, आणि शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली होती. डोळे पुसून तिने विचारलं, "आता सांगा. करपतो का?"

"भाजतो," मास्तर म्हणाले. "खमंग भाजतो."

पुढच्या खेपेला हॉटेलात निघताना मास्तरांच्या पिशवीत दोन डबे होते.

"मोठा पातेल्यात ओतायचा," बायकोने बजावलं. "धाकटा तुमचा. तो पातेल्यात जायचा नाही, नि पातेल्यातलं तुमच्या ताटात यायचं नाही. मी मावशींना निरोप धाडलाय."

दुपारी पातेलं तापलं आणि लसणाचा वास खुर्च्यांच्या पोटापर्यंत पोचला. त्या दिवशी मास्तर आपण होऊन आत गेले, सगळ्यांच्या पंगतीत बसले आणि धाकटा डबा उघडला. आत गाजराची फुलं होती. घेवड्याच्या शेंगा नीट चटईसारख्या विणलेल्या होत्या. बाजूच्या इवल्या वाटीत पांढरा सॉस होता.

मावशींनी डोकावून पाहिलं. "वहिनींचा किती जीव हो तुमच्यावर," त्या म्हणाल्या. "फुलं कोरायला किती वेळ लागला असेल."

मास्तरांनी एक फूल तोंडात टाकलं आणि पातेल्याकडे पाठ करून चावत बसले.