सांगितल्याशिवाय मयतीला जायचं नाही

मेसेज पाठवण्याआधी आलोशियस अंकल टोपी काढायचे. फोन शर्टाच्या टोकाने पुसायचे. लिहिलेलं मोठ्याने वाचायचे, माझ्या दुकानात कितीही गिऱ्हाईक असलं तरी. ‘दुःखद निधन’ असं कधी लिहायचे नाहीत. ‘गेला’ किंवा ‘गेली’, एवढंच. फोनमध्ये कुणाचंही आडनाव साठवायचे नाहीत, कारण आडनावं सगळ्यांची तीच. ‘फणसाजवळची’, ‘तिरका दरवाजा’, ‘घोरणारा’ अशी नावं असायची. शेवटचा मेसेज गेला की बाहेर जाऊन थुंकायचे, थोरल्या भावाच्या, युजीनच्या घराच्या दिशेला. माझ्या दुकानातून ते घर दिसत नाही. पण दिशा त्यांना पाठ होती.

मी मराठी साहित्य घेऊन बी. ए. झाले आणि पाचूबंदरला, मच्छीमारांच्या गावात, रिचार्जच्या दुकानात बसले. अंकल तिथलेच, बर्फाच्या कारखान्यात कामाला. गावात कुणी गेलं की त्या घरचं माणूस आधी त्यांच्याकडे यायचं, आणि अंकल सगळ्या सोयऱ्यांना खबर द्यायचे. पूर्वी सायकलवरून नायगाव, कळंबपर्यंत जायचे. फोन आल्यावर मेसेज करायला लागले, मराठी अक्षरांत. ऱ्हस्व-दीर्घ विचारायला माझ्याकडे यायचे. तिथून ओळख झाली. मला ‘मास्तरीन’ म्हणायचे.

इथे एक रीत आहे. चर्चची घंटा सगळ्यांना ऐकू येते, पण घंटेवरून मयतीला कुणी जात नाही. घरच्यांनी तुम्हाला सांगायला लागतं. सांगितलं नाही तर गेलेला माणूस शेजारचा असला तरी जायचं नाही. म्हणून अंकलच्या मेसेजला किंमत होती. आणि अंकललाही होती.

भावाशी बोलणं बंद होतं, बोंबील वाळवायच्या बांबूंवरून. अंगण दोघांचं, बांबू दोघांचे. एका हंगामात युजीननी मधोमध पत्रे ठोकले. त्यानंतर त्या घरातून या घरात शिव्या सोडून काही आलं नाही.

२००९ मध्ये दुबईहून बेसिलने, म्हणजे अंकलच्या मुलाने, बिनबटणांचा काचेचा फोन पाठवला. नातवाचे फोटो त्यात मोठे दिसतील म्हणाला. अंकलनी तो खोक्यासकट मारियामातेच्या तसबिरीखाली ठेवून दिला. बदलायचा की नाही ते ठरत नव्हतं.

ठरवलं मायकलने. मायकल युजीनचा मुलगा. एका रविवारी मी अंकलच्या ओट्यावर बसले होते आणि ते बटणांवर कुणाची तरी खबर लिहीत होते. पत्र्यावरून मायकलचं डोकं वर आलं. हातात तसाच काचेचा फोन.

“अंकल, टायपरायटर बंद करा. माझं पोर झोपलंय.”

“तुजा बाप पन असाच किरकिर करायचा. अजून करतो. त्याला झोपव.”

“बेसिलने पाठवलेला विकला काय? का चालवता नाय येत?”

 दुसऱ्या दिवशी अंकल खोकं घेऊन दुकानात आले.

मी सिम नव्या फोनमध्ये घातलं आणि माझ्या फोनवरून मराठीत एक ओळ पाठवली. काचेवर चौकोनी डबे उमटले, एकाला एक लागून, सगळे रिकामे.

“ह्या काय तुरुंगाच्या खिडक्या?”

“याला मराठी येत नाही, अंकल. मराठीत आलेलं सगळं असंच दिसणार.”

“बेसिलला पन येत नाय आता.”

“हसू नका. तुमचं काम मराठीत आहे. जुनाच ठेवा. नाहीतर याच्यासाठी दुसरं सिम घ्या.”

“दोन फोन घेऊन फिरायला मी काय एजंट हाय? आनि नंबर सगळ्या गावांना ठाऊक तो एकच.” मग म्हणाले, “मी इंग्रजी अक्षरांत लिहीन. बेसिल तसंच लिहितो.”

“आणि तुम्हाला कुणी मराठीत पाठवलं तर?”

“मला कोन पाठवतो, मास्तरीन? खबर द्यायचा मी. मला खबर द्यायची त्यो माझ्या दारात येतो.”

ते खरंच होतं.  नंबर त्यांनी हाताने एकेक नव्या फोनमध्ये घातले. पत्र्यापलीकडच्या घराचे तेवढे घातले नाहीत.

त्यानंतर अंकल दोन्ही ओट्यांना ऐकू जाईल अशा आवाजात नातवाशी बोलायचे. मायकल त्या वेळी रेडिओ मोठा करायचा.

नोव्हेंबरात घंटा वाजली. युजीन गेले. मी अंकलच्या मेसेजची वाट पाहिली. आला नाही. दुपारी दुकान बंद करून गेले तर अंकल ओट्यावर बसलेले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, काळी पँट, पायांत बूट.

“चला अंकल.”

“मला कोनी सांगितलं?”

“घर शेजारी आहे.”

“शेजारी हाय म्हनूनच. दोन पावलं यायला काय झालं त्यांना? साऱ्या गावाची मयत मी सांगितली. माझ्या भावाची मला सांगायला त्यांची जीभ झडली?”

“आणि मेसेज? नायगाव, कळंबच्या लोकांना?”

“मलाच ठाऊक नाय तर मी कोनाला सांगू?”

शवपेटी निघाली. पत्र्यांच्या टोकाशी, अंकलच्या ओट्यासमोर, खांदेकरी थांबले. मला वाटलं खांदा बदलतायत. बदलला नाही. मायकल ओट्याकडे बघत उभा होता. अंकल त्याच्याकडे बघत बसून होते. दोघांच्या नजरेत मला फक्त एकमेकांना खाऊन टाकायची इच्छा दिसली. मग पेटी पुढे गेली. मागे माणसं फार थोडी होती. बाहेरगावचं कुणीच नव्हतं.

काही दिवसांनी अंकल दुकानात आले, तावातावाने.

“कंपनीचे हे डबे बंद कर. जाहिराती नुसत्या. एक तुला पाठवलाय, बघ. बॅलन्स कापतात काय माझा?”

माझ्या बटणांच्या फोनवर तो मेसेज उमटला. डबे नव्हते. मराठी होतं. मी वाचलं आणि परत वाचलं.

“किती कापले?” अंकलनी विचारलं.

मी फोन त्यांच्याकडे फिरवला. त्यांनी सवयीने टोपी काढली आणि सवयीनेच मोठ्याने वाचायला लागले.

“भावजी, तुमचे दादा पहाटे गेले. आम्ही कोणाला कळवलं नाही. कळवायचं काम तुमचं आहे. पुढचा खांदा तुमच्यासाठी ठेवला आहे. या. कार्मिन.”

कार्मिन म्हणजे युजीनची बायको. बटणांचाच फोन वापरणारी. तोंडाने बोलणं बंद होतं, म्हणून तिने लिहिलं होतं.

दुकानात दोन गिऱ्हाईकं होती. ती निघून गेली.

अंकल घरी जाऊन जुना फोन घेऊन आले. सिम मी बदललं. ते उभ्यानेच लिहायला लागले. तीन शब्द लिहून थांबले.

“आधी तिकडं सांगून येतो. मग ह्यो पुरा करतो. चार्जिंगला लाव.”

काचेचा फोन त्यांनी पुरावा म्हणून सोबत नेला.

पुढचं मला कार्मिन आंटीने सांगितलं, काउंटरवर रिचार्ज करताना, माझ्याकडे न बघता. अंकल पत्र्याला वळसा घालून दारात गेले. मायकलने आत घेतलं नाही. अंकलनी डबे दाखवले.

“हे काय दाखवता?”

“मेसेज हाय. तुझ्या मम्मीचा. मला असा दिसला.”

“माझ्याकडं पन हाच फोन हाय, अंकल. मला एक डबा दिसत नाय. खोटं बोलायला आमचंच दार भेटलं?”

मायकलला सगळे मेसेज इंग्रजीत येतात. त्याला डबे दिसायचं कारणच नव्हतं.

“तुम्ही का नाही बोललात?” मी आंटीला विचारलं.

“मी आत पडून होते. पेटी धरून माझी पोरं उभी, आनि ह्यो बूट घालून बसलेला. ते मी डोळ्यांनी बघितलंय. डबे नाय बघितले.”

मी माझ्या फोनवरून मायकलला मराठीत मेसेज पाठवला, म्हणजे त्याच्याही काचेवर डबे उमटतील आणि त्याला कळेल. त्याने उत्तर दिलं नाही. रस्त्यात भेटला तेव्हा म्हणाला, “कसला कचरा पाठवतेस? तू पन त्याचीच.”

आता गावात मयतीची खबर मायकल देतो, इंग्रजीत. ‘पास्ड अवे’ असतं त्यात. लोक जातात. अंकल कारखान्यात जाताना दुकानावरून जातात, या बाजूला बघत नाहीत. मी दोनदा हाक मारली. त्यांनी टोपी खाली ओढली.

जुना फोन माझ्या खणात आहे. उतरला की मी चार्ज करते. त्यात अंकलचा तो अर्धा मेसेज तसाच उघडतो. ‘आमचा भाऊ युजीन’. पुढे काही नाही.